माक्याचं तेल आणि मावशीचा कान

माक्याच्या जुड्या सेहेचाळीस. एका जुडीचं वजन सरासरी आठशे ग्रॅम. त्यातल्या पाच भाचीने काट्यावर टाकून पाहिल्या होत्या. तिळाचं तेल दोन-दोन लिटरच्या दोन डब्यांत. जाड बुडाची कढई एक. लांब दांड्याचे लाकडी डाव तीन, त्यातल्या एकाची दांडी तारेने आवळलेली. गाळायची कापडं दोन. रिकाम्या बाटल्या एकसष्ट, झाकणं एकोणसाठ. शेगडी एक. आणि शेडच्या दारात, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी असलेली मावशी, एक.

"हा माका कुणी मागवला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"काकांना."

आत खुर्चीत बसलेल्या काकांनी वर्तमानपत्र झटकन तोंडासमोर धरलं. "मला यात ओढू नका. मी नुसतं 'बरं' म्हणालो. या घरात मी दुसरं काही म्हणतो का?"

मावशीने जुड्यांकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग पुन्हा जुड्यांकडे. "आता काय करायचं याचं? गुरं पाळू?"

"तेल," भाची म्हणाली.

"तेल मी बंद केलंय. तुला माहीत आहे." आणि मावशी आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर भाचीला बरं वाटलं असतं. मावशी रागावली की बोलते, बोलली की निवळते. न आपटता लावलेलं दार वाईट.

गोष्ट अशी होती. अकरा आठवड्यांपूर्वी मावशीला ताप आला. पाच दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. सर्दी नाही, काही नाही, पण वास म्हणून येईना. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाही येणार असंही होतं, थांबून बघा. मावशीने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मग एक दिवस तिच्या डोळ्यांदेखत नाही, पण नाकादेखत म्हणावं असं, दूध करपलं. ती पातेल्यापासून चार हातांवर पाठ करून शिवत बसली होती. धुराने काका बाहेरून धावत आले, तेव्हा तिने विचारलं, "काय झालं हो?" त्या दिवशी काकांनी भाचीला फोन केला.

दूध करपलं त्याचं मावशीला काही नव्हतं. पण बत्तीस वर्षं ती माक्याचं तेल काढत होती ते नाकाच्या भरवशावर. माक्याच्या रसात आणि वाटलेल्या पाल्यात तेल कढवायचं, रसातलं सगळं पाणी उडून गेलं की कढई उतरवायची, एवढाच खेळ. आधी उतरवली तर तेलात पाणी राहतं, महिन्या-दोन महिन्यांत तेल खवट होतं. उशिरा उतरवली तर पाला करपतो, तेल जळकं होतं. मधली वेळ जेमतेम काही मिनिटांची. ती वेळ आली की कढईचा वास बदलतो. हिरव्या, ओल्या वासातून एकदम काहीतरी भाजलेलं, कोरडं वर येतं. मावशीचं वाक्य ठरलेलं होतं: "वास फिरला की उतरव." तिची अर्धी जिंदगी त्या वाक्यावर चालली होती.

"माझ्या हातचं करपलेलं तेल कुणाच्या डोक्यावर जायला नको," असं म्हणून तिने शेगडी पुसून ठेवली होती. तिच्याकडून नेहमी तेल घेणारी पार्लरवाली कढई घेऊन जाणार होती. शनिवारी. आज बुधवार.

भाचीने पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून चार दिवसांची रजा काढली, माका आणणाऱ्या बाईला परस्पर फोन केला आणि पहाटेच्या गाडीने आली. पालेवाली जुड्या उतरवताना म्हणाली होती, "एवढाच आहे हो ताई. तळ्याचं पाणी मागे गेलं. आता नवा यायचा म्हणजे चार-पाच महिने." चार-पाच महिन्यांनी ती कढई पार्लरवालीच्या माळ्यावर असणार, हे भाचीला दिसत होतं. जे करायचं ते या सेहेचाळीस जुड्यांत.

हे ती का करत होती, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं, आणि नीट सांगता न येणाऱ्या गोष्टी तिला आवडत नसत. कॉलेजची पाच वर्षं ती या घरात राहिली. पण राहायला खोली पुष्कळांना मिळते. तिला इथे दुसरंच काही मिळालं होतं. शाळेत असताना सुट्टीत आली की ती मावशीच्या मागे लागायची. माक्याचं पांढरं फूल, त्याचं देठ चुरडलं की बोटं काळी का होतात? लगेच का नाही होत, थोड्या वेळाने का? हळदीची का नाही होत? दुसरी कुणी मोठी बाई असती तर म्हणाली असती, देवाने केलंय म्हणून. मावशी म्हणायची, "मला काय माहीत? बघ, मोज, मग मला सांग." आणि खरंच ऐकायला बसायची. देठ चुरडल्यापासून बोट काळं व्हायला किती मिनिटं लागतात याची दहा वर्षांच्या पोरीने केलेली यादी मावशीने शेडच्या भिंतीवर वर्षभर चिकटवून ठेवली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव मोजणीबाई पडलं. पुढे मोठमोठ्या सरांनी तिला शास्त्र शिकवलं, पण "मोज, मग सांग" हे तिला एका तेलवाल्या बाईने शिकवलं होतं, हे ती विसरली नव्हती.

तेव्हा बुधवारी सकाळी तिने पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली, आणि एकटीनेच कामाला लागली.

निम्म्या जुड्या धुतल्या, मुळं छाटली, चिरल्या, वाटल्या, कापडातून पिळल्या. आठ लिटर रस. हात मनगटापर्यंत काळे. उरलेल्या तेवीस जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या. कढईत दोन लिटर तेल, वाटलेला पाला अर्धा किलो, वरून रस. शेगडी मंद. आणि कढईच्या कडेला चिमट्याने अडकवलेला, प्रयोगशाळेतून रीतसर सही करून आणलेला तापमापक.

तिचा हिशेब सरळ होता. कढईत पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास अडून बसणार. उष्णता सगळी पाण्याची वाफ करण्यात जाणार. पाणी संपलं की आकडा वर चढायला लागणार. एकशे दहा झाले की उतरवायचं. यात नाकाचं काय काम?

"मावशी, तू फक्त बघ," ती दारातून म्हणाली होती.

"मी हात लावणार नाही," आतून उत्तर आलं.

"हात नको लावू. बघ."

"बघणारही नाही. मला उसवायचंय." आणि मावशी भिंतीपलीकडच्या खोलीत, शेडकडे पाठ करून, जुन्या पडद्यांची शिवण उसवत बसली.

तास गेले. आकडा शंभरावर, मग एकशे एकवर. भाची दर दहा मिनिटांनी डावाने ढवळत होती, वहीत वेळ आणि आकडा लिहीत होती. काका दोनदा येऊन, "झालं का गं?" विचारून गेले. काका सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करत आले होते, पण धीर तेवढा त्यांना कधी दुरुस्त करता आला नव्हता. दुपारी दोन चाळीसला आकडा होता एकशे दोन.

"अगं, खाली लागतंय!" आतून मावशीचा आवाज.

"नाही मावशी, एकशे दोनच आहे."

"ढवळ!"

"आत्ताच ढवळलंय, सहा मिनिटांपूर्वी. पाणी आहे अजून, आकडा—"

"तो आकडा तुझ्याजवळ ठेव आणि ढवळ आधी!"

मावशी कातरीसकट बाहेर आली. तिने भाचीच्या हातातून डाव ओढून घेतला, कढईच्या तळातून एकदा फिरवला, आणि तिचं तोंड उतरलं. डावाबरोबर काळ्या खपल्या वर आल्या. आणि त्या वर आल्या तेव्हा, त्याआधी एक क्षणही नाही, करपल्याचा वास भाचीच्या नाकात शिरला.

शेगडी बंद झाली. वाया गेलं: दोन लिटर तेल, अठरा किलो माका.

"मी बुडाचं मोजायला हवं होतं," भाची अखेर म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पाला खाली बसला. वर तेलात पाणी होतं, खाली पाला कोरडा पडला. मी मधोमध तापमापक लावून बसले. इतकी साधी गोष्ट."

"पहिल्या कढईत माझंही करपलं होतं," मावशी म्हणाली.

"किती?"

"पाच लिटर. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. तेवढी शांतता मला पुन्हा कधी मिळाली नाही." ती डाव कढईच्या कडेवर आपटून झाडू लागली. "जाऊ दे. फेकून देऊ. म्हणूनच म्हणत होते—"

"मावशी," भाचीने तिला मध्येच थांबवलं. तिचा चेहरा बदलला होता. "तू आतल्या खोलीत होतीस."

"मग?"

"मध्ये भिंत. तुझी पाठ इकडे. माझं तोंड कढईवर, नाक धडधाकट. मला वास आला नव्हता. तुला कसं कळलं?"

मावशी डाव पुसता पुसता थांबली. "आवाज फिरला," ती म्हणाली. जणू पाऊस थांबला असं कुणी सांगावं तसं.

"कसा?"

"आता आवाज कसा फिरतो हे कसं सांगू? फिरला."

"पूर्वीही ऐकू यायचा?"

"येत असेल. लक्ष कोण देतं? नाक पुढे धावायचं." मग भाचीच्या डोळ्यांतली चमक पाहून तिने हात झटकले. "हे बघ, उगाच काही मनात धरू नकोस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. एकदा लागला निशाणा म्हणून मी लोकांच्या डोक्यावर तेल घालू?"

"एकदावर नाहीच घालायचं," भाची म्हणाली. "म्हणून तर मोजायचं."

त्या संध्याकाळी मावशीने तिला पुढ्यात बसवलं. मागच्या वेळचं चांगलं तेल पाऊण बाटली शिल्लक होतं, ते वाटीत काढलं. भाचीने चौदा महिन्यांत केसांना तेल लावलं नव्हतं. प्रयोगशाळेत केस टोपीखाली, घरी वेळ नाही.

"हे केस आहेत की झाडू?"

"मावशी, तुझे पांढरे झालेत आणि तू मला बोलतेस?"

"मी तेल काढते, वय नाही काढत." मावशीची बोटं कानामागून वर सरकली. "पार्लरवालीलाही मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उगवतात-बिगवतात असलं काही माझ्या नावावर बोलायचं नाही. केस मऊ राहतात, टाळू कोरडी पडत नाही, डोकं शांत होतं. एवढंच मला ठाऊक आहे, तेवढंच सांगायचं."

भाचीने डोळे मिटले. बाजारातल्या बाटल्यांवर काय काय लिहिलेलं असतं ते तिने वाचलं होतं. जेवढं ठाऊक तेवढंच सांगणारी माणसं तिला पुढेही फार भेटली नव्हती, आणि हिचं तर विज्ञान दहावीत सुटलं होतं.

"वास येतोय?" मावशीने विचारलं.

"हो."

"कसा येतोय, सांग."

भाचीला अवघड गेलं. आम्लता सांगता येते, घनता सांगता येते. "ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर येतो तसा," ती म्हणाली. "मग थोडा कडू. देठ मोडल्यासारखा. आणि मागे तीळ. भाजून डब्यात ठेवलेले, डबा उघडल्यावर येतो तसा."

बोटं थांबली, पुन्हा चालू झाली. "नाही आला," मावशी म्हणाली. "पण आठवला. बरं झालं."

गुरुवारी सकाळी भाचीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चार लहान पातेल्या. प्रत्येकीत सारखं तेल, पिळून उरलेला सारखा वाळलेला पाला, आणि पाणी मात्र वेगळं: एकीत काहीच नाही, दुसरीत थोडं, तिसरीत मध्यम, चौथीत भरपूर. मावशी पाठमोरी बसणार. भाची चिठ्ठी काढून एक पातेली शेगडीवर ठेवणार. मावशीने नुसतं ऐकून सांगायचं, चारांपैकी कुठली. असं वीस वेळा.

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तुम्हीही पाठमोरे बसा. तुम्हीही सांगायचं, कागदावर लिहून."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत नाही म्हणूनच तुम्ही हवे. नुसत्या अंदाजाने वीसपैकी पाचेक बरोबर येतात. मावशीचे पाचच आले तर कावळा आणि फांदी. तुम्ही तुलनेसाठी. याला आम्ही नियंत्रण म्हणतो."

काका ताठ बसले. "ऐकलंस का गं? इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा माझ्याकडे नियंत्रण आलं."

"दुपारपर्यंतच आहे. उपभोगून घ्या," मावशी म्हणाली.

पहिल्या तीन पातेल्यांना मावशी चाचरली. हात मांडीवर घट्ट, मान वाकडी. चौथीला तिने नकळत डोळे मिटले. आठवीपर्यंत तिची बोटं मांडीवर हलायला लागली, जणू हातात डाव आहे.

"ही भरपूरवाली. खदखदतेय... ही मधली. हिच्यात चडचड आहे... ही—थांब, बोलू नका हो."

"मी कुठे बोललो?"

"श्वास घेताय."

"तोही बंद करू?"

"ही थोडीवाली," मावशी म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "शाळा सुटल्यावर कसा गलका होतो? मग तो पांगतो, आणि दोन-चार पोरं मागे रेंगाळत राहतात, एक इकडे ओरडतं, एक तिकडे. तशी चुरचुर आहे. आणि पाणी संपलं की मैदान रिकामं."

भाचीने ते शब्दशः वहीत लिहून घेतलं.

निकाल अकराला लागला. काका: वीसपैकी सहा. मावशी: वीसपैकी सतरा.

काकांनी दोन्ही कागद हातात धरून बराच वेळ पाहिले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी बोललेलं हिला ऐकू गेलं नाही. आणि पातेलं पुटपुटलेलं ऐकू येतं."

मावशी हसली नाही. ती चुकलेल्या तिनांवर बोट ठेवून बसली होती. "या तीन कुठल्या?"

"तिन्ही सारख्याच. थोडं पाणी होतं, तू 'संपलं' म्हणालीस."

"म्हणजे मी घाई करते. पोरं अजून मैदानात असतात आणि मी फाटक लावते." तिने मान हलवली. "तेलात पाणी राहील. खवटणार."

"पण उलटं एकदाही नाही चुकलीस. पाणी संपलेलं असताना 'आहे' असं एकदाही म्हणाली नाहीस. म्हणजे करपवणार नाहीस." भाची आता घाईघाईने बोलत होती. "आणि वास फिरला की तू लगेच उतरवायचीस का? नाही. आधी पाल्याची वात करून जाळायचीस. मी पाहिलंय."

हे खरं होतं. वास फिरला की मावशी डावाच्या टोकावर थोडा पाला घेई, दोन बोटांत वळून पाही. चिकटला, तुटला, तर कच्चा. सुतासारखी वात वळली, तर ती शेगडीवर धरायची. तडतडली तर पाणी आहे. गपचूप जळली तर उतरव. पण वात वळायची केव्हा हे सांगायला नाक लागायचं. सारखी वात वळत बसलं तर ढवळायचं कुणी? तेवढ्यात बूड धरतं.

"म्हणजे नाकाने निर्णय दिलाच नाही कधी," मावशी सावकाश म्हणाली. "ते फक्त सांगायचं, आता वात बघ."

"हो."

"तेवढं तर कानही सांगेल."

"हो, मावशी."

मावशी उठली, पदर खोचला आणि शेडकडे चालू लागली. दारात मागे वळून म्हणाली, "गोणपाट वाळलं असेल. पाणी मार त्याच्यावर. उद्या सकाळी सात. आणि ती काचेची काठी आणू नकोस मध्ये."

शुक्रवारी सातला शेगडी पेटली. तेवीस जुड्या. दोन दिवसांत थोडी पानं पिवळी पडली होती, ती मावशीने एकेक वेचून काढली. रस साडेसात लिटर निघाला, म्हणून तिने तेलही तेवढ्या मानाने कमी घेतलं. यावेळी दोघी आळीपाळीने ढवळत होत्या, घड्याळ न बघता, हात न थांबवता. तापमापक पिशवीतच होता. तो बाहेर काढावासा वाटल्याने भाचीने पिशवी कपाटात ठेवून दिली.

दुपारी एकच्या सुमाराला फाटक वाजलं आणि पार्लरवाली आत आली. उंच, मोठ्या आवाजाची, हातात मोजपट्टी. उद्या गाडीत कढई बसते का ते पाहायला आलेली. शेडच्या दारात येऊन तिने धूर पाहिला, वाफ पाहिली, पदर खोचलेली मावशी पाहिली.

"मावशी! चालू केलं?"

"श्श!" दोघीही एकदम म्हणाल्या.

पार्लरवालीने तोंडावर हात ठेवला. मग हळू आवाजात, जो इतरांचा मोठा आवाज असतो, ती भाचीला म्हणाली, "मला कुठे कढई हवी होती? मी घेऊन काय करू, तीत बसू? ह्या म्हणाल्या, भंगारात घालते. म्हटलं, भंगारात जाण्यापेक्षा माझ्याकडे राहू दे, पुढेमागे मागायला येतील. माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या बायका झोपतात हो या तेलाने. बारा-बारा तास उभं राहून आलेल्या बायका. त्यांना मी काय सांगू?"

"त्यांना सांग, तू गप्प बसायला शिकलीस तर देईन," मावशी कढईवरून नजर न हलवता म्हणाली.

पार्लरवाली बादलीवर बसली आणि खरोखर गप्प झाली. हेही त्या दिवसातलं एक आश्चर्यच.

खदखद ओसरली. चडचड सुरू झाली, बराच वेळ चालली. काका दारात येऊन उभे राहिले, आपणहून श्वास आवरून. दोन पन्नासला चडचड बारीक झाली, चुरचुर झाली, विरळ झाली. भाचीने ऐकायचा प्रयत्न केला. तिला एक आवाज ऐकू येत होता, त्यातले फरक नाही. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीचे डोळे मिटलेले, हात चालू, मान किंचित कलती.

"रिकामं वाटतंय," मावशी म्हणाली. कुणी हललं नाही. "वाटतंय म्हणजे अजून दोघं-चौघं असतील. घाई करते ना मी. थांबू."

हात चालू राहिला. मग तिने पाला घेतला, काळ्या बोटांत वळला. वात झाली, पण मधेच तुटली. तिने ती टाकून दिली. पुन्हा ढवळलं. पुन्हा ऐकलं. दुसरी वात अखंड वळली. ती चिमट्यात धरून तिने शेगडीच्या कडेला नेली. वातीने एकदा तड केलं. पार्लरवालीने ओठ चावला. मावशीचा चेहरा हलला नाही. आणखी ढवळणं, आणखी ऐकणं. तिसरी वात. तिच्या टोकाला ज्योत धरली, सरकत चिमट्यापर्यंत आली, विझली. आवाज नाही.

"उतरव," मावशी म्हणाली.

भाचीने आणि काकांनी दोन बाजूंनी कढई उचलली. मावशीने डाव तळातून शेवटचा फिरवला. वर आला तो हिरवट काळा, सुटा, कोरडा पाला. खपली एकही नाही. तेल गरम असतानाच कापडातून गाळलं. खाली गडद हिरवी धार पडत राहिली, आणि ती बघत चौघं उभी राहिली. काकांनी मावशीच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालाने टिपला. तिने ते टिपू दिलं.

"आता मला सांग," मावशी भाचीला म्हणाली, "पाणी राहिलंय की नाही?"

"वात तर—"

"वातीला पाव थेंब कळत नाही. तू मोजणारी आहेस. लोकांच्या डोक्यावर जाण्याआधी मला आकडा पाहिजे. तो येईपर्यंत एक बाटली बाहेर जाणार नाही. हिलाही नाही," तिने पार्लरवालीकडे हनुवटी दाखवली.

"मी कुठे काय म्हटलं?" पार्लरवाली म्हणाली.

"शंभर ग्रॅममध्ये पाणी शून्य पूर्णांक दोन ग्रॅमच्या आत असलं, तर तेल वर्षभर टिकायला हरकत नाही," भाची म्हणाली. "सोमवारी सांगते."

"कितीही आलं तरी खरं सांग. माझं मन राखू नकोस."

"तूच शिकवलंस, मावशी. तुझं मन राखायचं असतं तर मी शास्त्र नसतं घेतलं."

मावशीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिच्या गालाला हात लावला. गालावर चार बोटं काळी उमटली, आणि रविवारच्या गाडीतही ती पुरती गेली नव्हती. भाचीने ती धुवायची फारशी घाईही केली नाही. खिडकीशी बसून ती मनातल्या मनात पाच वर्षांचे, आणि त्याआधीच्या सगळ्या सुट्ट्यांचे, आभार मानत राहिली. तोंडावर मानले असते तर मावशीने "झालं का नाटक?" म्हणून उडवून लावले असते.

सोमवारी साडेआठला ती प्रयोगशाळेत पोचली. इतर कुणी आलं नव्हतं. तिने तीन बशा भट्टीत वाळवल्या, थंड केल्या, चार दशांश स्थळांपर्यंत वजन केल्या. प्रत्येकीत दहा ग्रॅम तेल घेतलं, पुन्हा वजन केलं, एकशे पाच अंशांवर ठेवलं. तासाने काढून, थंड करून, तिसऱ्यांदा वजन केलं. वजन स्थिर झालं याची खात्री करायला आणखी अर्धा तास ठेवून चौथ्यांदा केलं. मग फोन उचलला. पलीकडून पहिल्याच घंटीला "हं, सांग" असं ऐकू आलं, मागे काका "काय म्हणते? काय म्हणते?" विचारत होते.

तिने वहीतून वाचून दाखवलं. पहिली बशी, शंभर ग्रॅममागे पाणी शून्य पूर्णांक शून्य नऊ ग्रॅम. दुसरी, शून्य पूर्णांक शून्य सात. तिसरी, शून्य पूर्णांक शून्य आठ. सरासरी, शून्य पूर्णांक शून्य आठ. मर्यादा होती शून्य पूर्णांक दोन.